जवळ्याच्या डब्यातलं जाळं

त्यात तू खोटं बोलली नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण इतक्या मोठ्याने बोललीस की पन्नास वर्षं होत आली तरी ते फिरून फिरून माझ्याच दारात येतं. जाळ्याच्या एका पट्ट्याने माझी लेक जगली, असं तू बंदरावर सांगितलंस, बाजारात सांगितलंस, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या बाईलाही सोडलं नाहीस. तू सांगून मोकळी झालीस, मरून त्याहून मोकळी झालीस, आणि निस्तरायला मला मागे ठेवलंस. आये, भांडणानेच सुरुवात केली म्हणून तोंड फिरवू नकोस. तब्येत विचारत नाही. आहेस तिथे गुडघे दुखत नसतील एवढं धरून चालते. अक्षर बघून हसू पण नकोस. तिसरीतून मला काढलंस ते तूच, बोंबील उलटवायला घरात हात कमी पडतात म्हणून. तुला तर तेवढंही येत नव्हतं.

झालं असं. माझ्या लेकीची लेक, म्हणजे तुझी पणती, पोटुशी आहे. आठवा लागलाय. डहाणू रोडला स्टेशनापासून जवळ, तिसऱ्या मजल्यावर नवराबायको राहतात. नवरा तलासरीचा, शेतकऱ्याच्या घरातला, कमी बोलणारा, आपल्यात तसले पुरुष कमीच. गेल्या साली हिचं एक पाचव्या महिन्यात गेलं. डॉक्टरने सांगितलं, कुणाचा दोष नाही, होतं असं कधी कधी. डॉक्टरचं ऐकतं कोण? ही दर आठवड्याला मला फोन करायची आणि नवं कारण काढायची. आजी, मी स्कूटर चालवली म्हणून का? आजी, माळ्यावरून पिशवी काढली होती, हात वर केले, म्हणून का? एकदा म्हणाली, मला खूप आनंद झाला होता म्हणून का? मी म्हटलं, आनंदाने पोट जात असतं तर जगात एक पोर राहिलं नसतं. ती हसली नाही. या खेपेला तिने पाच महिने कुणाला कळू दिलं नाही. बाळाला टोपडं घेतलं नाही, नाव काढलं नाही, पाळण्याचा विषय निघाला की उठून गॅसवर काहीतरी ठेवायची. आणि मग एक दिवस अचानक फोन करून म्हणते, आजी, मी पोटाचे फोटो काढून घेणार आहे, काय घालू ते सांगायला ये.

तुला हे समजावून सांगायला लागणार. आता पोटुशी बाई नटते, समुद्रावर जाऊन उभी राहते, पोटावर हात ठेवून फोटो काढून घेते आणि ते फोटो फोनवरून साऱ्या गणगोताला जातात. आपण काय केलं? पदर पुढे ओढला. कुणी विचारलंच तर वाताने पोट धरलंय म्हणून सांगितलं. सातव्यापर्यंत नवऱ्याच्या बहिणीला कळलं नाही हीच आपली हुशारी. काळ फिरला आये, आता दाखवायचं असतं. माझी काही हरकत नाही. लपवून आपलं किती राहिलं ते आपल्याला ठाऊक आहे.

मी गेले तर खाटेवर कपड्यांचा बाजार मांडलेला. तलासरीची एक पोरगी हे फोटो काढते, तीच कपडे पण भाड्याने देते, तिने पिशवी भरून पाठवलेले. माझी लेक खाटेच्या कोपऱ्याला तोंड पाडून बसलेली. पहिला निघाला एक लाल झगा, मागे पाच हात लांब शेपूट. मी विचारलं, "ही शेपटी कोण उचलणार?"

"आजी, ती वाऱ्यावर उडते. फोटोत मस्त दिसते."

"उडली तर ठीक. नाहीतर किनारा झाडून निघेल, नगरपरिषदेला तेवढीच मदत."

मग एक पांढरा, सगळी जाळीच. मी म्हटलं, ही मच्छरदाणी घालून उभी राहिलीस तर लोक आत कोण झोपलंय ते बघायला येतील. मग निघाला नवऱ्याचा शर्ट. तो म्हणे पुढून बटणं न लावता घालायचा, तशी फॅशन आहे. मी म्हटलं, शर्ट त्याचा तर उभं पण त्यालाच कर, त्याचं पोट काही तुझ्यापेक्षा कमी नाही. नातजावई दारातून आत येत होता तो तसाच मागे फिरला. नात हसली. खूप दिवसांनी तिचे दात बघितले मी.

"आई, तू मस्करी काय करतेस!" माझी लेक मध्येच ओरडली. "तिला सांग, हिरवी साडी नेस, पदर घे, ओटी भरल्यासारखा एक फोटो काढ आणि घरी ये. उघड्या पोटाचे फोटो नकोत. गेल्या वेळचं विसरलात का सगळे? नजर लागते."

नजर म्हणाली आणि नातीने हातातला शर्ट खाली टाकला. तिचे दोन्ही हात पोटावर होते. मी आल्यापासून बघत होते, ती कपडे दाखवायची ते पण एका हाताने, दुसरा तिथेच. मासळीच्या पाटीवर कावळे फिरत असले की आपण नाही का एक हात फडक्यावर दाबून धरत, तसा. ती म्हणाली, "म्हणूनच तर आजीला बोलावलंय. आजी, ते जाळं दे ना मला. पणजीचं. ड्रेस कुठला पण घालते, आतून ते बांधते. आणि फोटो झाले तरी काढणार नाही. डिलिव्हरीपर्यंत नाही. आंघोळीला पण नाही."

आये, शब्द न् शब्द तुझा. तू गेलीस तेव्हा हिची आई पण शाळेत होती, आणि तुझे शब्द हिच्या तोंडात. तेव्हा मला कळलं, फोटो हे निमित्त आहे. पोरीला कपडे निवडायचे नव्हते, तिला चिलखत पाहिजे होतं. मी म्हटलं, जाळ्याचा डबा माझ्या घरी आहे, उद्या आणते. रिक्षात बसले ती तुझ्याशी भांडतच.

तो दिवस तुला आठवतो का? माझं पहिलं सातव्यात गेलं होतं, वर्षाच्या आत परत दिवस राहिले होते. मी चुलीशी बसलेय, पेज उतू चाललीय, सासू बाहेर वलांडीवर बोंबील टांगतेय. तू वाढवणहून अकराच्या एसटीने येतेस, चपला न काढताच आत शिरतेस, गाठोड्यातून तो पट्टा काढतेस. बाबांच्या जाळ्याचा, दीड वीत रुंद, सणाच्या सुताचा, ऐनाच्या सालीत रंगवलेला. ती साल आपण कासा गावच्या बाजारात डोंगराकडच्या बायांकडून सुक्या मासळीच्या बदल्यात घ्यायचो आणि जाळी तिच्यात उकळायचो, म्हणून त्याचा रंग असा विटेचा. चालतं जाळं कुणी कापत नाही. फाटलं तर सांधायचं, हे मला मारून शिकवलंस तूच. आणि माझ्यासाठी चालत्या जाळ्याला कात्री लावलीस, बाबांना सांगितलंस उंदराने खाल्लं. बाबांनी उंदराला आठ दिवस शिव्या दिल्या. मला लुगडं सोडायला लावलंस, पोटाखालून पट्टा घेऊन कमरेला बांधलास, आपली ती गाठ मारलीस, ओढू तितकी घट्ट होणारी. म्हणालीस, "नजर आली ना गो, तर आधी भोकं मोजत बसेल. जाळ्याची भोकं मोजून झालीत का कुणाची? मोजता मोजता तिचं विष उतरेल." मग माझी हनुवटी धरून, "सोडायचं नाही. आंघोळीला पण नाही. सोडलंस तर माझ्याकडे रडत येऊ नको."

आता ऐक. मी ते दुसऱ्या दिवशीच सोडलं.

सणाचं सूत किती टोचतं ते तुला काय सांगायचं. वरून नऊवारीचा कासोटा आवळलेला, डोक्यावर पाटी, डहाणू रोडच्या बाजारापर्यंत चालत, पाटीतलं खारं पाणी मानेवरून उतरून थेट त्या पट्ट्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पोटाखालची कातडी उकडलेल्या कोळंबीसारखी लाल. मी स्वयंपाकघरात दार लोटून गाठ सोडली, दातांनी सोडली, आणि पट्टा सुक्या जवळ्याच्या डब्यात तळाला घातला. सासूच्या अंगावर जवळा उठायचा, ती त्या डब्याला हात लावत नव्हती. तू अकराच्या एसटीने यायचीस आणि तुझ्या आधी तुझा आवाज यायचा. गल्लीच्या तोंडाशी तू कुणाशी तरी बोलायला लागायचीस, तेवढ्यात माझा पट्टा बांधून व्हायचा. एकदा तू कुणाच्या तरी बैलगाडीतून मागच्या दाराने आलीस. मी हाताला लागलं ते भांडी पुसायचं फडकं पिळून कमरेला गुंडाळलं. तू लुगड्यावरून चाचपलंस आणि म्हणालीस, "आहे. बरं." मग नाक वर करून, "तुझ्या अंगाला जवळ्याचा वास कसा गो? डोहाळे लागले का जवळ्याचे?" मी म्हटलं हो. पुढच्या खेपेला तू डबाभर जवळा घेऊन आलीस आणि समोर बसून मला खायला घातलास. बाळंत होईपर्यंत मी जवळा खाल्ला, आये. तेवढी शिक्षा मला झाली असं समज.

कळा सुरू झाल्या तेव्हा तुला निरोप गेला, आणि तू येशील म्हणून मी तशा कळांत उठून डबा उघडला. पट्टा बांधला. गाठ तूच सोडलीस. सुईणीच्या हातात माझी लेक कोकलत होती, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी, आणि तू, जी स्वतःच्या आईच्या मयताला रडली नव्हतीस, ते जाळं तोंडावर दाबून रडलीस. तेव्हा मी तुला काय सांगायला पाहिजे होतं? सांगायला तोंड उघडलं असेल, पण तू म्हणालीस "बघ", आणि मी बघितलं.

तिथवर पण चाललं असतं. आईला बरं वाटतंय तर वाटू दे. पण मग बाया यायला लागल्या. तू उरलेल्या जाळ्याचे पट्टे करून दिलेस, गाठ मारून दिलीस, हनुवटी धरून तेच सांगितलंस. आमच्या मागच्या गल्लीतली ती, माझ्याच वयाची, बाजारात माझ्याच बाजूला बसायची, तिला पण दिलास. तिचं मेलेलं जन्माला आलं. आपण दोघी भेटायला गेलो. तू तिच्यासमोर बसलीस आणि विचारलंस, "सोडलं होतंस ना?" ती म्हणाली, "नाही मावशी. आंघोळीला पण नाही." तू म्हणालीस, "मग कसं जाईल? सोडलं असणार." रागाने नाही म्हणालीस, मला आठवतं. पाण्याला भरती आली असणार, तसं म्हणालीस. मी दारात उभी, माझी लेक माझ्या कडेवर, गुबगुबीत. तिने तुझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. आणि मी पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हटलं, "चल आये, एसटी जाईल."

त्यानंतर ती चाळीसच्या वर वर्षं माझ्या बाजूला बसली. माझी पाटी यायला उशीर झाला तर माझी जागा धरून ठेवायची. तिला पुढे दोन झाली, चांगली निघाली. तिने तो विषय काढला नाही, मी पण नाही. फक्त एकदा, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, गिऱ्हाईक नव्हतं अशा वेळी, खवले काढता काढता म्हणाली, "मी खरंच नव्हतं सोडलं गं." मी म्हटलं, "ठाऊक आहे मला." तुला कसं ठाऊक, असं तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. परवाच्या पावसाळ्यात ती गेली.

हे सगळं घेऊन मी दुसऱ्या दिवशी डबा हातात धरून तीन मजले चढले. लेक होती, नात होती, कपडे तसेच खाटेवर. मी झाकण उघडलं. अजून वास आहे, आये. नात हात पुढे करून उभी राहिली, प्रसाद घ्यायला करतात तसा. तो हात बघितला आणि मला मागच्या गल्लीतली ती दिसली. हिने बांधलं आणि पुढे काही झालं, तर ही उरलेला जन्म आठवत बसणार, गाठ कधी सैल झाली होती का म्हणून. तिला विचारायला दुसऱ्या कुणाची गरज पडणार नाही. तू नसलीस तरी ती स्वतःलाच विचारेल, सोडलं असणार.

मी म्हटलं, "हे मी घातलं नव्हतं."

"काय?"

"तुझ्या आईच्या वेळी. एक दिवस घातलं. टोचलं, काढलं, डब्यात टाकलं. पणजी यायची तेव्हा तेवढं बांधायचे."

माझी लेक खाटेवरून उठलीच. "म्हणजे? आई, म्हणजे काय? दर नारळी पुनवेला मी जाळ्याच्या नावाने नारळ सोडते! माझ्या लग्नात ही गोष्ट सांगितली होती सासरच्यांना! पन्नास वर्षं मी जाळ्याची पोर म्हणून मिरवले!"

"मिरवलीस ना? मग तुझं गेलं काय?"

नात हळू म्हणाली, "मग आई कशी वाचली?"

"मला काय ठाऊक. वाचली. माझं पहिलं का गेलं ते पण मला ठाऊक नाही. गेल्या साली तुझं का गेलं ते पण नाही. पण एक ठाऊक आहे. आपण काही सोडलं म्हणून नाही गेलं. स्कूटर नाही, पिशवी नाही, गाठ नाही. मी सगळं सोडलं होतं आणि ही बघ उभी आहे, माझ्यावर ओरडतेय."

मला वाटलं आता ही चिडेल. एवढा एकच आधार होता, तो पण म्हातारीने काढून घेतला. ती खाली बसली, त्या लाल शेपटीवरच बसली, आणि तिचे दोन्ही हात पोटावरून उचलले गेले. पहिल्यांदा. दोन्ही हातांत तोंड धरून रडली. पोट आपलं तिथेच होतं, कुणी धरलेलं नव्हतं आणि कुठे जात पण नव्हतं. मी तिला पाणी आणून दिलं. मला दुसरं काही येत नाही, तुझ्याकडून शिकलेच नाही. माझी लेक राग विसरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तेवढं तिला येतं. कुणाकडून आलं कोण जाणे.

पाणी पिऊन झाल्यावर नात म्हणाली, "दे ते जाळं."

"आता कशाला?"

"नुसतं जाळं म्हणून. पणजोबांचं आहे ना?" तिने ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. विटेचा रंग, मध्ये मध्ये काळपट, दोन ठिकाणी तुझं सांधलेलं, ते आपलं ओळखू येतं. "आजी, हा कलर बघ. याच्यासमोर तो लाल गाऊन म्हणजे प्लॅस्टिकची बादली."

मग ठरायला वेळ लागला नाही. तिने माझं लुगडं मागितलं, साधं, निळं, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आपल्या पद्धतीने कासोटा घालून गुडघ्याच्या खालपर्यंत, म्हणजे पाण्यात उभं राहता येतं आणि शेपूट उचलायला माणूस लागत नाही. आणि जाळं वरून, पोटावर. तू आतून बांधायला सांगितलं होतंस, ती म्हणाली वरून, सगळ्यांना दिसेल असं. लेक म्हणाली, निदान डोक्यात गजरा तरी माळ. गजऱ्यावर तह झाला. तलासरीची पोरगी फोनवर जरा हिरमुसली, झगे तिचे पडून राहणार ना, मग विचारायला लागली ते जाळं कुठे मिळतं, भाड्याने द्यायला दोन घेऊन ठेवीन म्हणते.

वेळ मात्र त्या पोरीने रविवारी संध्याकाळची ठरवली होती, वाढवणला, तुझ्याच किनाऱ्यावर. नातीचीच इच्छा, पणजीच्या गावात. मी कॅलेंडर बघितलं तर रविवारी पुनव. मी फोन घेतला हातात. "बाई, पुनवेच्या संध्याकाळी तिथे पाणी पार लांब गेलेलं असतं. नुसते खडक आणि शेवाळ. आठ महिन्यांच्या बाईला त्यावरून चालवणार?"

"मासी, सनसेटची लाइट बघून ठरवलंय."

"सूर्य रोजच बुडतो. पाणी रोज त्या वेळेला येत नाही. अष्टमीला ये, संध्याकाळी भरलेलं असेल, वाळूवरच उभं करता येईल."

काल अष्टमी होती. पाणी बरोब्बर आलं, आपला समुद्र अजून तिथीला धरून आहे. वाढवणच्या रस्त्यावर आता सरकारचं नवं मोठं बंदर नको म्हणून फलक आहेत, जागोजागी. फोटोवालीने विचारलं, मागचा तो बोर्ड थोडा वेळ हलवता येईल का? मी म्हटलं, हलवून बघ, मग इथून तलासरीला कशी जातेस ते मी बघते. तिने कॅमेराच हलवला. नात पाण्यात घोटाभर उभी राहिली. कासोटा मी घातला, माझे हात दुखतात हल्ली, तरी घातला. फोटोवाली म्हणत होती, दीदी, पोटावर हात ठेवा, तशीच पोज असते. नात म्हणाली, "हात नको. असेच काढ." हात दोन बाजूला मोकळे सोडून उभी राहिली आये, पाटी बाजारात रिकामी करून घरी निघालेली बाई उभी राहते तशी. नातजावई वाळूवर तिच्या चपला हातात धरून उभा होता आणि एकटाच हसत होता. फोटोवालीने मला पण बोलावलं, मासी, तुम्ही पण या की. मी म्हटलं, माझं पोट कधीचं रिकामं झालंय, मला कशाला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. जाळं तिला मी बांधलं. फोटोपुरतं बांधायचं होतं, साधी सरकती गाठ पुरली असती. माझ्या हातांनी तुझी गाठ मारली, ओढू तितकी घट्ट होणारी. मी विचार करून मारली नाही, पण मारल्यावर कळलं आणि सोडली पण नाही. फोटो झाले, ती गाडीकडे निघाली, लुगड्याची कड भिजलेली, म्हणाली, "आजी, हे सोडायचं राहिलं." मी म्हटलं, "राहू दे घरी जाईपर्यंत. वारा आहे, पदर उडेल." वारा नव्हता, आये. झावळी हलत नव्हती. आज सकाळी तिचा फोन आला, आजी, लुगड्यातच झोप लागली, जाळं अजून अंगावरच आहे, वरून आहे ना, टोचत नाही, काढायचं विसरले. काढ म्हणायला पाहिजे होतं. मी विचारलं, जेवलीस का? कधी पण सोडलं तरी चालतं हे तिला आता ठाऊक आहे, आणि तिने ते हसत सांगितलं. मला अजून पुरतं ठाऊक झालेलं दिसत नाही.

डबा रिकामा आहे. हे कागद त्यात घालते, जवळ्याचा वास लागला तर तुला ओळखीचं वाटेल. मागच्या गल्लीतली ती आता तुझ्याच बाजूला आहे, आणि जागा धरायची सवय तिला आहे, माझी पण धरून ठेवली असेल. ती समोर आली की खाली बघू नकोस आणि एसटीचं निमित्त काढू नकोस, तिथे एसटी नाही. तिने सोडलं नव्हतं. मी सोडलं होतं. हे तिला आधी तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने, जेवढ्या मोठ्याने ते दुसरं सांगत फिरलीस तेवढ्याच मोठ्याने. माझ्या वाटणीचं उत्तर मी येऊन देते.